कंपनी निघण्याआधीची डायरेक्टर

मी चौथी पास आहे आणि मला कंपनीची डायरेक्टर करायचे ठरले होते.

हे ठरवले माझ्या नातवाने, अक्षयने. तो अमरावतीला घरी बसून परदेशातल्या एका फर्मचे काम कॉम्प्युटरवर करतो. ती फर्म त्याला म्हणाली, नोकरीवर घेणार नाही, ठेक्याने काम देऊ. पैसे मात्र एखाद्या कंपनीच्या नावावरच पाठवू. आता रस्ते दोन. एक, स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची. दुसरा, अशा ठेक्यावरच्या पोरांना आपल्या छत्रीखाली घेणारी तयार कंपनी असते, तिच्या पगारावर राहायचे. ती परदेशातून पैसे घेते, आपला वाटा कापते आणि उरलेले पगार म्हणून हातात ठेवते.

"म्हंजे अडत्या," मी म्हटले.

वलगावला आमची फुलशेती होती. शेवंती आम्ही पिकवायची, पहाटे आम्ही तोडायची, बाजारात आम्ही न्यायची, आणि अडत्याने गादीवर बसल्या बसल्या आपली टक्केवारी कापायची! जन्मभर त्या गादीकडे मी दातओठ खात पाहिले. आणि आता माझा नातू अडत्याकडे जाणार? मी जिवंत असताना तरी नाही.

माझा मुलगा दिनकर सरकारी कचेरीत आहे. पगाराची स्लिप दिसली नाही तर त्याला घास गिळवत नाही. तो म्हणाला, "पीएफ कापल्या जाते, रजा भेटते, अन् पोरीवाल्यायले सांगाले बरं पडते."

पोरीवाल्यांचा मुद्दा मोठा होता. याआधीची स्थळे "पण मुलगा नक्की करतो काय?" या एकाच प्रश्नावर फिसकटली होती. आता अकोल्याची स्नेहल नावाची मुलगी सांगून आली होती, रविवारी बघायला जायचे होते, आणि अक्षयला तिचा फोटो इतका आवडला होता की तो जेवताना वरण भाजीत ओतत होता. हे स्थळ हातचे जाऊ द्यायचे नाही, एवढ्या एका गोष्टीवर घरात सगळ्यांचे एकमत होते.

बाकी भांडण चालूच होते. प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात. दिनकर सरकारी नोकर, सून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. त्यांना चालत नाही. मग उरले कोण? मी! माझ्याकडे आधार कार्ड आहे आणि मला सही येते. (सून ज्या शाळेत शिकवते तिथल्या पोरांना येते त्यापेक्षा बरी.)

अक्षय बोलता बोलता म्हणाला की कंपनी निघाली की घरावर बोर्ड लावावा लागतो. आता निघेपर्यंत थांबतो कोण! मी पेंटरला बोलावले आणि फाटकावर बोर्ड लावून टाकला. वर कंपनीचे नाव, खाली "डायरेक्टर: श्रीमती सुभद्राबाई", त्याहून मोठ्या अक्षरात. अक्षय म्हणाला, "आजी, काढ ते. अजून काईच ठरलं नाही." मी ऐकले नाही. बोर्ड पाहून गल्लीतल्या बायका आपापल्या पोरांसाठी जागा विचारायला येऊ लागल्या होत्या, आणि "पाहू" म्हणण्यात काय सुख असते ते मला त्या आठवड्यात कळले.

गुरुवारी स्कूटरवर एक मिशीवाला माणूस आला.

"अक्षय इथंच राहते का?"

"राहते. माह्याकडंच कामाले आहे."

तो बोर्डाकडे बघत राहिला. "तुमच्याकडं?"

"मंग? डायरेक्टर कोण आहे, वाचा न. पोरगा कामाले बरा आहे, पण पगार नाही ठरवला मी अजून."

त्याने तोंड उघडले. मी म्हटले, "सध्या जागा नाही. अन् तुमचं वय बी झालं."

माणूस निघून गेला. पाणीसुद्धा विचारले नाही मी.

आमच्याकडे सोयरीक जुळवण्याआधी मुलीकडचे कोणीतरी गुपचूप मुलाच्या गल्लीत चौकशी करून जाते. मी स्वतः एका भाचीच्या वेळी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकत मुलाच्या दारात जाऊन आले आहे. (भाजी खपली, स्थळ नाही जमले.) आणि मलाच हे सुचू नये!

रविवारी अकोल्यात मुलीच्या वडिलांनी आम्हाला बसवले. दिनकरने घसा साफ करून सांगितले, "पोरगा कंपनीत पगारावर आहे."

"कोनाच्या पगारावर?" त्यांनी विचारले. "आमचे साळे अमरावतीले असतात, दुकान आहे त्यायचं. ते म्हणतात, पोरगा आजीकडं कामाले आहे अन् आजीनं पगारच ठरवला नाही."

तेवढ्यात आतून पोह्यांच्या बशा घेऊन मुलीचे मामा आले. मिशी तीच!

"घ्या आजी," ते म्हणाले. "वय झालेल्या मानसाच्या हातचे पोहे चालतात न?"

दिनकर माझ्याकडे असा बघू लागला की मी पोह्यांतले शेंगदाणे निवडायला लागले. अक्षयचा चेहरा पडला. गेले स्थळ, मी मनात म्हटले, आणि घालवले डायरेक्टरने.

मग स्नेहलनेच सरळ अक्षयला विचारले, खरे काय आहे. पोराने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "कंपनी नाही अजून. फक्त बोर्ड आहे."

स्नेहल इतकी हसली की तिला ठसका लागला. तिच्यामागे तिचे वडील हसले, मग नाइलाजाने मामा. कळले ते असे की तीही अशाच एका छत्रीवाल्या कंपनीच्या पगारावर घरूनच काम करते. तिने विचारले काम किती दिवसांचे, गिऱ्हाईक किती. अक्षय म्हणाला, वर्षाचे, एकच.

"मंग सध्या दुसऱ्याच्याच पगारावर राहा," ती म्हणाली. "एका गिऱ्हाइकासाठी कंपनीचे दरसालचे हिशोब, सीए, कागदं, काहून? आणखी गिऱ्हाईक भेटले की काढू आपली."

'काढू' म्हणाली ती, आणि 'आपली'! दिनकरला स्लिप मिळाली, अक्षयला बायको मिळाली. मी हळूच विचारले, तेव्हा दुसरी डायरेक्टर कोण?

"मी," स्नेहल म्हणाली. "तुमाले काहून तरास, आजी?"

घरात नातसून यायच्या आधीच माझी खुर्ची गेली, आणि तीही बसायच्या आधी. निघताना मामा दारापर्यंत आले. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "तुमची डायरेक्टरकी तर गेली, आजी. आता काय करसान?"

मी विचारले, तुमच्या दुकानात जागा आहे का.

सगळे पोट धरून हसले. मी खरेच विचारले होते.