अमेरिकेचा नाका आणि पिशोरची गोधडी

काही ऑफिसांत फायली साठतात, काही ठिकाणी नुसती धूळ. आमच्याकडे किस्से साठायचे. ते कुणी मुद्दाम जपून ठेवत नव्हतं. चहाबरोबर निघायचे आणि कप विसळले की आपापल्या जागी जाऊन बसायचे. लग्न होऊन मी पुण्याला आले त्याला तीन महिने झाले. 'मुलगी शांत आहे, बोलतच नाही' असं सासरी माझ्याबद्दल मत पडलंय. खरं सांगायचं तर, चार वर्षं जिथं काम केलं तिथं बोलायला माझा नंबरच लागत नव्हता!

काम काय, तर पिशोरच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या ऑनलाइन परदेशी विकणं. हे ऐकून सासूबाईंनी विचारलं, "गोधड्या? विकत घेतात?"

म्हटलं, "घेतात. वर त्यांच्या देशाची ड्युटीही भरतात." मग जरा थांबून खरं ते सांगितलं, "म्हणजे, बहुतेक जण भरतात."

सगळे किस्से त्या 'बहुतेक'मधले.

आमचं ऑफिस संभाजीनगरात, औरंगपुऱ्यात, जिना चढून दोन खोल्या. मालक भास्करकाका. मूळ पिशोरचे, पण नोकरी सगळी महापालिकेच्या जकात नाक्यावर. ट्रक थांबवायचा, ताडपत्री वर करून माल बघायचा, पावती फाडायची, यात उमर गेली. जकात बंद झाली, काका रिटायर झाले आणि गावच्या गोधड्या विकायला लागले. जन्मभर नाक्याच्या आत बसलेला माणूस आता माल घेऊन नाक्याच्या बाहेर उभा! माधुरीताई पॅकिंग करायच्या आणि काकांना टोमणे मारायच्या, दोन्ही नीटनेटकं. फोटो, कस्टमचे फॉर्म आणि गिऱ्हाइकांचे मेसेज माझ्याकडे.

आणि तिकडे पिशोरला शेवंताबाई. त्यांच्या ओट्यावर दुपारी दहा-बारा जणी शिवायला बसायच्या. एरवी ज्यांना उंबरा ओलांडायला घरातल्या चौघांना विचारावं लागे, त्या 'गोधडीचं काम हाय' एवढं म्हणून बाहेर पडायच्या. शेवंताबाई काकांना दर फोनवर बजावायच्या, "भास्करभाऊ, काम थांबू देऊ नका. ह्या पोरी एकदा घरात गेल्या की परत न्हाय निघायच्या."

* * *

माझा पहिला आठवडा. जर्मनीचं पार्सल होतं, मी फॉर्म भरत होते. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

"नाका कोणता लागंल?"

"नाका नाही काका, कस्टम. फ्रँकफर्ट."

"तेच ते. तिथला कारकून कसा आहे?"

"मला काय माहीत?"

काकांनी चष्मा काढला. "मग माल पाठवतीस कशाच्या भरवशावर?"

* * *

कॅनडाच्या एका बाईंनी मेसेज केला, 'पार्सलवर गिफ्ट असं लिहा आणि किंमत दहा डॉलर दाखवा, म्हणजे मला टॅक्स लागणार नाही.' अशा विनंत्या रोजच्या. मी काकांना वाचून दाखवलं आणि काका आठवणीत थेट आपल्या जुन्या हर्सूल नाक्यावर पोचले.

"एक जण ट्रक घेऊन आला. म्हणाला, घरगुती सामान आहे साहेब, लेकीच्या लग्नाचं. ताडपत्री वर केली तर आत चाळीस कुकर! म्हटलं, एका लेकीला चाळीस कुकर? तर म्हणतो, सासर मोठं आहे साहेब!"

"मग सोडला?"

"सोडतो! पुरी जकात घेतली आणि म्हटलं, लग्नाला बोलवा. जिथं चाळीस कुकर लागतात ते सासर मला बघायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या बाईला विचार, लग्न कुणाचंय."

मी नवीन होते. सांगितलं ते तसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं: आमचे सर विचारतात, लग्न कुणाचं आहे?

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'अरे वा! तुमच्या सरांचं मनापासून अभिनंदन!'

माधुरीताईंनी त्या दिवशी काकूंना फोन करून विचारलं, "वहिनी, तुम्हाला आमंत्रण आलं का?"

* * *

लंडनहून एकाचा फोन आला. मराठी माणूस, मूळचा पिशोरजवळच्या कन्नड गावचा. आईसाठी गोधडी मागवली होती आणि दारात पार्सलबरोबर टॅक्सचं बिल आलं होतं. तणतणतच बोलत होता.

"काका, आपल्या गोधडीवर इंग्रजांनी कर लावला हो!"

"लावू द्या," काका शांतपणे म्हणाले. "आपण निजामाकडं होतो. त्यांचा तेवढा राहूनच गेला होता!"

त्यानं हसत हसत भरला म्हणे.

* * *

जर्मनीच्या कस्टमनं एकदा पार्सल अडवून विचारलं, माल नवीन की वापरलेला? फॉर्मवर मी 'नवीन' लिहिलं होतं आणि वर्णनात 'जुन्या साड्यांपासून'. दोन्ही खरं, पण त्यांना एकच हवं होतं. चार ईमेल झाले, काही उजेड पडेना. शेवटी काकांनी स्पीकरवर शेवंताबाईंना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "त्यात काय अवघड हाय? साड्या जुन्या, टाके नवे."

माधुरीताई टेप कापता कापता म्हणाल्या, "म्हणजे आमचा संसार! नवरा जुना, भांडणं रोज नवी."

मी पहिलं वाक्य जर्मनीला पाठवलं. दुसरं पाठवायचा मोह आवरला. दोन दिवसांत पार्सल सुटलं. काका खूश. म्हणाले, "फ्रँकफर्टचा कारकून समजूतदार आहे. लिहून ठेव."

मी खरंच लिहून ठेवलं होतं. कॅलेंडरच्या मागच्या पानावर काकांनी माझ्याकडून एक यादीच करून घेतली होती: फ्रँकफर्ट, समजूतदार. टोरांटो, सावकाश. सिडनी, लई कडक.

* * *

सिडनीपुढं 'लई कडक' पडलं, त्याचीही एक गोष्ट आहे.

ऑस्ट्रेलियाहून पत्र आलं. मालात बी सापडलं आहे. परदेशी बियाण्याला बंदी आहे. पार्सल नष्ट करू द्या, नाहीतर खर्च भरून ते निर्जंतुक करून घ्या. काकांचा चेहरा पडला. गोधडीत बी कुठून येणार? माधुरीताईंनी तर स्वतःच्या डब्यावरच संशय घेतला. फोन पिशोरला.

"व्हय, दाणे असत्यात की," शेवंताबाई सहज म्हणाल्या. "शेवटचा कोपरा शिवायच्या आधी ज्वारीचे पाच दाणे टाकतो आम्ही. पांघरुणाचं पोट रिकामं ठिवू न्हाय."

आजवरच्या आमच्या प्रत्येक गोधडीत ज्वारी होती, आणि ते आम्हाला ऑस्ट्रेलियाकडून कळत होतं!

काका कळवळून म्हणाले, "अहो बाई, त्यांना भीती आहे. त्यांच्या रानात उगवलं तर?"

"उगवू द्या की. त्यांना सांगा, हायब्रीड न्हाय, गावरान हाय!"

पुढं तडजोड झाली. आता दाणे कोपऱ्यात ठेवतात, हात जोडतात आणि काढून घेतात. नैवेद्य दाखवून आपणच खातो, तसं.

* * *

परत आलेल्या पार्सलचा किस्सा लहान आहे. अमेरिकेतला पत्ता चुकला, गोधडी माघारी आली, आणि आपल्याच देशाच्या कस्टमनं तिच्यावर ड्युटी मागितली. ती इथूनच गेली होती याचे कागद जोडा, म्हणाले. काका कागद शोधत होते. माधुरीताई त्या पार्सलकडे बघत म्हणाल्या, "माहेरी आलेल्या लेकीला कुणी दारात अडवतं का हो?"

तेव्हा मी हसले होते. परवा घरी जायला संभाजीनगरच्या बसमध्ये बसले, तेव्हा ते वाक्य उगाच आठवलं.

* * *

आता अमेरिकेचं सांगते.

आमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक अमेरिकेचं. आठशे डॉलरच्या आतल्या पार्सलला तिथं ड्युटीच नव्हती. काका त्याला 'उघडा नाका' म्हणायचे. मग तिथल्या सरकारनं ठरवलं, ही सूट बंद. लहान असो, मोठं असो, प्रत्येक पार्सलवर ड्युटी. आमची वाटेतली पार्सलं तिथं कुरिअरकडे अडकली. घेणाऱ्यानं ड्युटी भरली तर सुटणार, नाहीतर परत. एकेक मेसेज यायला लागला, 'सॉरी, परत पाठवा.' एकेक पार्सल परत यायलाही लागलं. काका ती उघडत नव्हते. बाकावर एकावर एक ठेवत होते. माधुरीताईंनी टोमणे मारायचं बंद केलं, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

शेवटी एकच राहिलं, मिनेसोटाचं. तिथल्या बाईंनीही लिहिलं, गोधडी सुंदर आहे, पण मी ड्युटी भरणार नाही. कुरिअरवाले अजून दोन दिवस थांबणार होते.

काका म्हणाले, "ही पण आली की बास. पिशोरला सांगावं लागंल." आणि जरा वेळानं, "तू चल बरोबर. एकट्यानं सांगवत न्हाय."

माझ्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता. हातावर मेंदी चढायला पंधरा दिवस होते.

आम्ही पोचलो तर ओटा भरलेला. मधोमध मोठी गोधडी पसरलेली, चारी बाजूंनी बायका, कुणाच्या मांडीवर लेकरू. काकांनी पाणी घेतलं, चहा घेतला, पीकपाणी विचारलं. शेवटी शेवंताबाईंनीच सुई बाजूला ठेवली.

"भास्करभाऊ, ओठावर आलंय ते बोला."

काकांनी सांगितलं. अमेरिकेनं जकात बसवली. माल परत यायलाय. एक पार्सल राहिलंय, तेही येणार. "काम थांबवावं लागंल बाई."

कोपऱ्यातल्या एकीनं हळूच सुई पदराला टोचून ठेवली. दुसरीनं आपल्या बाजूची गोधडी दुमडायला घेतली.

"जकात कोन भरायची?" शेवंताबाईंनी विचारलं.

"घेणाऱ्या बाईनं."

"मग ती काय म्हणती?"

"न्हाय भरत म्हणती."

शेवंताबाई माझ्याकडे वळल्या. "तुला तिच्याशी बोलता येतं का गं, त्या फोनमधून?"

"लिहिता येतं."

"मग इचार तिला, थंडी किती हाय तुझ्याकडं."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. मी लिहिलं: गोधडी शिवणाऱ्या बाई विचारतायत, तुमच्याकडे सध्या थंडी किती आहे?

पिशोरला दिवस कलला होता, तिकडे उजाडायचं होतं. मला वाटलं, उत्तर काही येत नाही आता. पण बाई लवकर उठणाऱ्या असाव्यात. आम्ही निघायला उठलो तोच फोन वाजला. मी वाचलं, आपल्या मापात हिशोब करून सांगितलं, "उणे चोवीस."

"म्हंजी?"

काका म्हणाले, "म्हणजे बाहेर ठेवलेलं दूध दगड होतं, बाई."

ओट्यावर एकीनं नकळत पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"त्यांनी अजून एक विचारलंय," मी म्हटलं. "का विचारताय, म्हणून. काय लिहू?"

शेवंताबाईंनी कोपऱ्यातल्या पोरीच्या पदराला टोचलेली सुई काढून तिच्या हातात परत दिली, दुमडलेली गोधडी सरळ केली आणि दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत म्हणाल्या,

"काय बी लिहू नको. तिकडं रात पडू दे."