शरयूचा अग्नी आणि पुण्याचा अखबार

शरयूचं नाव निघालं की लोक मला अजून विचारतात, तीच ना ती, अख्ख्या मोहल्ल्याशी भांडून बापाला अग्नी देणारी? माझं डोकंच सणकतं. अहो, ती कोणाशी भांडायची नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तरी ते काम माझं. मी तिची मावसबहीण दुर्गा, मुरार गावी दिलेली, आणि फटकळ म्हणून माहेरी-सासरी दोन्हीकडे नाव काढलेली. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका.

शरयू कोवळ्या वयात विधवा झाली आणि ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यात वडिलांकडे परत आली. वडील म्हणजे आमचे रघुनाथकाका. त्यांचा सगळा जन्म सरकारी पागेत घोड्यांमागे गेला. मावशी आधीच गेलेली, मुलगा नाही. शरयू मोहल्ल्यातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची, बाळंतिणींचे डिंकाचे लाडू वळायची. कोणाकडे लग्न निघालं की पापड लाटायला हिला बोलावणं, हळदी-कुंकवाला मात्र नाही. तिला त्याचं वाईट वाटत नसे. मला वाटायचं.

चौतीस साली माघात काका गेले. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, साताऱ्याहून पुतण्या येईपर्यंत मला ताटकळत ठेवू नका, अग्नी माझी पोरगी देईल. गोविंदभटजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मुलगा नसेल तर मुलगी चालते. मी सांगतो मंत्र." काकांचे पागेतले सोबती कान्होजीराव, त्यांनी स्वतः शरयूच्या खांद्यावर मडकं ठेवलं, मागून दगडाने भोकंही त्यांनीच पाडली. घाटावर एकटी बाईमाणूस नको म्हणून शेजारच्या सुमनताई तिच्याबरोबर चालत गेल्या. अडवायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. रात्री चार घरांतून पिठलं-भात आला. मी तिथेच होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

दोन दिवसांनी मधुसूदन भेटायला आला. हा नया बाजारातला मास्तर, पुण्याच्या एका साप्ताहिकाला ग्वाल्हेरच्या बातम्या धाडायचा. इकडच्या रिवाजाप्रमाणे शरयू त्याला राखी बांधायची. जवळ बसून त्याने मायेने विचारलं, आणि शरयूने रडत रडत त्याला सगळं सांगितलं. भटजींचं, कान्होजीरावांचं, सुमनताईंचं, सगळ्यांचे उपकार. तो मान हलवत होता. मला वाटलं, चला, भाऊ म्हणून कोणीतरी आहे तिला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी टपालाने अखबार आला. नेहमीसारखा भटजींच्या ओट्यावर मोठ्याने वाचला गेला. वर मथळा होता, ग्वाल्हेरच्या वीरकन्येचा रूढीवर घाव. खाली काय, तर भटजींनी मंत्र सांगायला नकार दिला, म्हाताऱ्यांनी वाट अडवली, बायकांनी दारं लावून घेतली, आणि शरयू गरजली की आधी तुमच्या रूढीची चिता पेटवीन, मग बापाची. शरयू गरजली म्हणे! वडील गेल्यापासून त्या पोरीच्या तोंडून धड आवाज फुटत नव्हता.

आता कोणी म्हणेल, सगळे तर तिथे हजर होते, मग खोटं कळलंच असेल. कळलं ना. पण आमच्या इकडच्या मराठी लोकांचं एक आहे, पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलो तरी पुण्यात आपल्याला काय म्हणतील, हा किडा डोक्यातून जात नाही. मुली द्यायच्या त्या देशावर, भटजींचे भाऊबंद देशावर. कान्होजीराव तरातरा आले आणि शरयूला म्हणाले, "मी वाट अडवली? याच हातांनी मडकं दिलं ना तुला?"

"मी असं काहीच बोलले नाही हो काका."

"तुझ्या नावाने छापलंय. छापणारा काय पागल आहे?"

ती त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरकले. संध्याकाळी भटजींचा निरोप आला, उद्या दुसरा कोणी बघा. आणि सुमनताई नळावर सांगत होत्या, मला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं, बळेच नेलं हो मला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, सुमनताई, तुम्ही स्वतःहून चप्पल घातलीत. त्यांनी घागर उचलली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धा मोहल्ला अखबारात आलं तसंच बोलायला लागला होता.

शरयूला एकच घोर होता. बापाच्या तेराव्याला चार माणसं जेवून उठावीत, एवढंच. कान्होजीरावांनी एक घास घ्यावा, मग त्यांनी जन्मभर बोललं नाही तरी चालेल, असं मला म्हणाली. पहाटेपासून आम्ही दोघींनी वडे तळले, लाडू वळले, ओळीने पत्रावळी मांडल्या. दुपार कलली. दार सताड उघडं होतं आणि समोरून लोक मान वळवून जात होते. भाताला पापुद्रा धरला.

तेव्हा मधुसूदन आला. रिकाम्या पत्रावळींकडे बघून म्हणाला, "कोणीच नाही? म्हणजे बहिष्कार?" मी हातातली पळी उगारलीच होती, शरयूने मनगट धरलं.

"मधू, मी तुला सगळं सांगितलं होतं ना?"

"ताई, मोहल्ला चांगला वागला, ही काय बातमी आहे? असं कोण छापतं? आणि तुझं तर नावच झालं."

शरयूने त्याला पाटावर बसवलं. वडा वाढला, लाडू वाढला, भातावर तूप वाढलं. मग समोर बसून हळू आवाजात म्हणाली, "भटजी आले नाहीत. कान्होजीकाकांनी तोंड फिरवलं. माझ्या बाबांच्या तेराव्याला मोहल्ल्यातलं एकही माणूस जेवलं नाही. हे लिही, मधू. आता ते खरं आहे."

मला वाटलं, आता तरी हा लाजेने मान खाली घालील, ताटावरून उठेल. त्याने डावा हात खिशात घातला आणि पेन्सिल काढली.