नाव अख्खं दिसलं पाहिजे

बेलाला पसारा खपत नाही. तिच्या ओट्यावर मिठाची बरणीसुद्धा दिसायची नाही. लागेल ती वस्तू कुठल्या तरी कप्प्यातून बाहेर येते आणि काम झालं की गुपचूप परत जाते. "इथं माणूस राहतं की नुसता रंग देऊन ठेवलाय?" असं मी तिला चिडवायचो. मी निवृत्त शिक्षक, आता तिचा शेजारी. शाळेत तिची वहीही अशीच असायची. ऐसपैस समास, सुटं अक्षर, आणि निबंध मात्र मी सांगितलेल्याच्या निम्मा.

पुढं हाच स्वभाव तिच्या पोटापाण्याला उपयोगी पडला. बेला वेबसाइट डिझाइन करते. एकच पान कॉम्प्युटरवर हातपाय पसरून बसावं आणि फोनवर तेच अंग चोरून मावावं, ही तिची विद्या. त्या धंद्यात दर वर्षी नवी टूम निघते. कधी बटणं गोल, कधी सगळं पान काळं, आणि गेली काही वर्षं कमीत कमी मजकूर, जास्तीत जास्त मोकळी जागा. ही शेवटची टूम तर बेलाच्या अगदी मनातली. मुंबईतल्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करायची आणि तिथं तिच्या शब्दाला वजन होतं.

आमचं गाव राजोडीच्या वाटेवर. गाव म्हणायचं ते सवयीनं. निम्मी माणसं विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटांत गेली आणि पोरं आखातात. पूर्वी कुणी वारलं की मार्सेल नावाचा माणूस घरोघर फिरून सांगायचा. मार्सेल थकला, आणि थकला नसता तरी इमारतींचे जिने किती चढणार होता? तेव्हा बेलानं गावासाठी फुकटात एक साइट करून दिली. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळा, लग्नं, आणि सगळ्यांत जास्त उघडलं जाणारं पान निधनाच्या बातम्यांचं. शुद्धलेखन मी तपासायचो. आम्हाला त्या साइटचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

आमच्याकडं एक अडचण मात्र जुनी आहे. नावं थोडी आणि माणसं फार. म्हणून नावाबरोबर घराची ओळख सांगावी लागते. फर्डिनंड लोपीस दोन होते. एक बावखलाकाठचा, म्हणजे वाडीतल्या तळ्याशेजारी राहणारा, बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेला. दुसरा क्रुसापाशीचा, गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा आणि मुलीलाही ते शिकवणारा. त्याच्या खांद्याला खांदा लावून ट्रम्पेट वाजवायचा तो विहिरीवरचा गॉडफ्रे रुमाव.

बँड केव्हाच बंद पडला. पण या दोघांनी एकमेकांना एक शब्द दिला होता. नवरीला चर्चमध्ये नेताना ते जी चाल वाजवायचे, ती मागं राहील त्यानं दुसऱ्याच्या कबरीपाशी वाजवायची. मातीला लग्नाची चाल! आम्ही हसायचो. ते दोघं मात्र हसायचे नाहीत. गॉडफ्रे मुलाकडं विरारला राहायला गेला तेव्हा बाकी सामान टेम्पोत गेलं आणि ट्रम्पेट त्यानं मांडीवर घेतलं होतं.

गेल्या वर्षी पाऊस सरला आणि क्रुसापाशीचा फर्डिनंड बसल्या जागी गेला. साइटवर बातमी लागली. घरात रडारड, पाहुणे. जो तो धरून चालला की गॉडफ्रेला कळलंच असेल. दफनविधी झाला. शेवटची मूठ पडेपर्यंत लोक फाटकाकडं बघत होते. गॉडफ्रे आला नाही. "शब्द दिला होता, आणि बघा," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

दोन दिवसांनी गॉडफ्रेनं फर्डिनंडच्याच फोनवर फोन केला. बावखलाकाठच्या फर्डूच्या मातीला कोण कोण आलं होतं, हे त्याला आपल्या मित्राला विचारायचं होतं. फोन फर्डिनंडच्या मुलीनं, रोझलिननं उचलला.

"काका, तो नाही हो," ती म्हणाली. "आमचे पप्पा गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बेलाच्या दारात थांबली. मी तिथंच होतो. गॉडफ्रे गुडघ्यांवर हात देत पायऱ्या चढला, बसला नाही, फोन पुढं धरला.

"बेला, ह्याच्यात काय लिवलंय ते वाच."

जुना, लहानसा फोन. काकांना नीट दिसावं म्हणून मुलानं त्यातली अक्षरं मोठी करून दिली होती. त्या मोठ्या अक्षरांत नाव एका ओळीत मावलं नव्हतं. एक गोल चकती, तिच्यात 'फ', खाली 'फर्डिनंड लो' आणि पुढं तीन टिंबं. लांब नाव आलं की ते कापून टिंबं टाकायची, हे बेलानंच ठरवलेलं. घराची ओळख, वेळ, ठिकाण आतल्या पानावर होतं. 'पुढे वाचा' असं बटण आधी होतं. गर्दी नको म्हणून तिनं तेही काढलं होतं.

"मी म्हटलं, बावखलावरचा सुटला बिचारा," गॉडफ्रे म्हणाला. "गुडघे चालत नाय, म्हनून घरीच त्याच्यासाठी जपमाळ केली."

"काका, त्या नावावर बोट ठेवलं की पान उघडतं," बेला हळूच म्हणाली.

"मला कोन सांगनार?"

त्यानं बोट ठेवलं. पान उघडलं. फर्डिनंड लोपीस, क्रुसापाशीचे. दफनविधी दुपारी चार वाजता. गॉडफ्रेनं ते ओठ हलवत वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं.

"म्हंजे होतं हितं."

"होतं, काका."

"मग लपवलं कशाला?"

गॉडफ्रेनं फोन तिच्या त्या स्वच्छ टेबलावर ठेवला. "मला नको हा," म्हणाला आणि रिक्षात जाऊन बसला.

त्या दिवशी बेला जेवली नाही. तिनं साइट पुन्हा करायला घेतली. नाव कितीही लांब असो, ते खाली दुसऱ्या ओळीत जाईल, तिसऱ्या ओळीत जाईल, पण कापलं जाणार नाही. घराची ओळख नावाला लागूनच. वेळ आणि ठिकाण बाहेर, सगळ्यांच्या समोर. प्रत्येक पान ती आधी काकांच्या फोनवर उघडून बघायची. पान बेढब दिसायला लागलं, हे मी तिला तोंडावर सांगितलं. "दिसू दे," ती म्हणाली.

कंपनीतही तिनं हाच हट्ट धरला. एवढी मोठी अक्षरं वापरणारे शंभरात चार-दोन, त्यांच्यासाठी डिझाइन बिघडवायचं का, असं तिला विचारण्यात आलं. त्या चार-दोघांत आमचे एक काका आहेत, असं तिनं सांगितलं. तिला त्या कामावरून काढलं. तिला वाईट वाटलं, मला त्याहून जास्त राग आला, पण तिनं शब्द मागं घेतला नाही.

फर्डिनंडच्या महिन्याच्या मिस्सेला गॉडफ्रे आला. मिस्सेनंतर सगळे कबरीपाशी गेले. ट्रम्पेट त्यानं आणलं नव्हतं.

"काका, आत्ता वाजवा ना," रोझलिन म्हणाली. "मी कुणाचं तरी मागून आणते."

"नको गो. ते मातीच्या वेळेला होतं," तो म्हणाला.

बेला मागं उभी होती. तिनं पुढं होऊन फोन त्याच्या हातात द्यायला बघितलं आणि ती सगळ्यांसमोर रडायला लागली. गॉडफ्रेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण फोन घेतला नाही.

"तुझ्याकडंच ठेव. माझ्या वेळेला लागंल. माझं नाव त्याच्यावर बघून घे."

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात गॉडफ्रे गेला. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा बेला पोळ्या लाटत होती. ती हात न धुताच टेबलाशी गेली. मजकूर मी सांगितला, तिनं लिहिला. मग कप्प्यातून तो जुना फोन काढून तिनं पान उघडलं. अक्षरं काकांच्या डोळ्यांच्या मापाचीच होती. गॉडफ्रे. पावलू. रुमाव. विहिरीवरचे. एकेक शब्द एकेका ओळीत, आणि त्याखाली वेळ. सगळा पडदा त्या नावानंच भरला होता. फोनच्या कडेला पीठ लागलं.

"काका, दिसतंय," ती म्हणाली. माझ्याशी नाही, त्या फोनशी.

मला वाटलं, काम झालं. पण तिनं फोन ओढणीनं पुसला, कप्प्यात न ठेवता टेबलावरच राहू दिला आणि चपला घातल्या.

"मास्तर, चला. तरी एकदा फिरून येऊ."

आम्ही क्रुसापासून सुरुवात केली. पहिलं दार रोझलिनचं होतं. बेलानं कडी वाजवली.

"विहिरीवरचे गॉडफ्रेकाका गेले," ती म्हणाली. "उद्या चारला माती. पप्पांचं क्लॅरिनेट घेऊन ये."