साट्याची सून

सकाळपासून उकाडा होता. प्रमिलाबाई आणि त्यांची सून उज्ज्वला समोरासमोर बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होत्या. एरवी गप्पा चालायच्या, आज नुसत्या कात्र्या चालत होत्या.

हे लग्न साट्यात झालेलं. प्रमिलाबाईंची लेक जयश्री उज्ज्वलाच्या भावाला, सचिनला दिली, आणि त्याच मांडवात उज्ज्वला चेतनची बायको झाली. पोरीच्या बदल्यात पोर, म्हणून हुंडा नाही की मानपान नाही. गेल्या आठवड्यात सचिनने जयश्रीला मारून घराबाहेर काढलं. काल नातेवाइकांच्या बैठकीत चेतन बोलून बसला, "मनी बहीण परत उनी, तर त्यासनी पोर बी परत जाई."

उज्ज्वलाने कात्री खाली ठेवली. "माय, मना काय गुन्हा शे?"

"तुना काहीच गुन्हा नही, पोरी."

"मंग त्यासले सांगस का नही?"

प्रमिलाबाईंनी कोपऱ्यात पाहिलं. जयश्री भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण जागी होती. तिच्यादेखत तिच्या वहिनीचा संसार राखायचा, हे त्यांच्या तोंडून निघेना.

दुपारी चेतन रिक्षा घेऊन आला. उज्ज्वला पाया पडली तेव्हा प्रमिलाबाईंनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला. चेतन बाहेरूनच म्हणाला, "माय, सोड आते तिले."

रिक्षा गेल्यावर जयश्री उठली आणि उज्ज्वलाच्या जागेवर येऊन बसली.

"वहिनीनी कात्री शे ही," ती म्हणाली.

"तीच ले," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची साडी मांडीवर ओढली.