मालनचा स्टोव्ह

नाहूरच्या बैठ्या चाळीत राहणारी मालन मुलुंडच्या एका लहान कारखान्यात विजेची बटणं जोडायची. १९८४ साली, चाळिशीही उलटली नव्हती, तेव्हा एका सकाळी तिचं उजवं अंग लुळं पडलं.

इस्पितळ झालं, मालिश झालं, व्यायाम झाले. पावसाळा सरेपर्यंत हातात जोर आला, बोलणं साफ झालं. ती चादर पिळून वाळत घालू लागली, तेव्हा बाई बरी झाली असंच सगळ्यांना वाटलं. पण स्वयंपाकात भलतंच होऊ लागलं. चहात पावडर नसायची. भात पाण्याशिवायच चढायचा. एकदा बर्नर तापायच्या आधीच तिने स्टोव्हला पंप मारला आणि भडका उठला. त्या दिवसापासून नवरा खंडू कामावर जाताना काड्यापेटी खिशात घालून न्यायचा. सासू द्रौपदीबाई तिला कशाला हात लावू देईनात. हातातच काही कमी राहिलं असेल, म्हणून मालन दिवसभर रबरी चेंडू दाबत बसायची.

मग एक दिवस इस्पितळातल्या वनमालाबाई घरी आल्या. आजारातून उठलेल्या माणसांना रोजची कामं पुन्हा शिकवणं हे त्यांचं काम. त्यांनी हात तपासला नाही. शेजारून काड्यापेटी मागवून स्टोव्ह पेटवून दिला, मालनला चहा करायला सांगितला, द्रौपदीबाईंना मधे पडू नका म्हणाल्या आणि पाटावर बसून बघत राहिल्या.

मालनने भरलेलं पातेलं थेंबही न सांडता उचललं. पण दर पायरीनंतर अडून थांबली. साखर काढून झाल्यावर पुन्हा साखरेचाच डबा शोधत राहिली.

"हात तुमचा चांगला आहे, मालनताई," वनमालाबाई म्हणाल्या. "पुढे काय करायचं, ते जुळवताना डोकं अडतंय. आता सराव त्याचा करायचा."

आपल्याला वेडी ठरवतायत की काय, म्हणून मालन आधी चिडली. मग म्हणाली, "म्हणजे तो चेंडू मी उगाच दाबत बसले?"

वनमालाबाईंना हसू आवरेना.

सगळं सामान आधी काढून ओळीने मांडा, पुढची पायरी तोंडाने बोला, असं त्यांनी सांगितलं. मालनने तर अख्खी मांडणीच रिकामी केली. चहाचं एकीकडे, भाताचं एकीकडे, लागेल त्या क्रमाने. काम चालू असताना सासूलाही गप्प बसायला सांगितलं. दोघींचं त्यावरून वाजलंही. आणि रविवारी तिने खंडूपुढे हात पसरला.

"काड्यापेटी द्या."

"पुन्हा भडका झाला तर?"

"समोर बसा आणि बघा."

खंडूने ती दिली. "रॉकेलचा काकडा पेटव," ती पुटपुटली. "आता थांब. तापू दे. आता पंप." निळी ज्योत फरफरू लागली. खंडूने काड्यापेटी परत मागितली नाही.

दिवाळीनंतर ती कारखान्यात गेली. सुपरवायझर श्यामसुंदर भला माणूस, त्याने पॅकिंगचं हलकं काम देऊ केलं. तिने ते घेतलं नाही. कोपऱ्यातली जागा मागितली आणि स्प्रिंगचा ट्रे पितळी पट्ट्यांच्या ट्रेला लागून, जोडायच्या क्रमाने ठेवायला लावला. पहिले काही दिवस काम रडतखडत चाललं, बरीच बटणं सुटी करून पुन्हा जोडावी लागली. काम करताना गप्पा मारणं मात्र तिला पुढेही कधी जमलं नाही, आणि त्याची तिला खंत होती. ती सगळी कसर जेवणाच्या सुट्टीत भरून निघायची.

वर्षभराने नव्या मुली कामावर आल्या, तेव्हा श्यामसुंदरने त्यांना काम शिकायला मालनच्या शेजारी बसवलं.