बाबांसोबत विजेच्या गाडीतून सोलापूर

मला विजेवरची गाडी हवी होती, बाबांना हायब्रिड. धायरीहून हडपसरच्या शाळेत शिकवायला जाऊन-येऊन रोज पस्तीसेक किलोमीटर होतात. त्याला घरचं चार्जिंग पुरतं आणि स्वस्तही पडतं. बाबांच्या मनात मात्र सोलापूर होतं. त्यांची थोरली बहीण तिथे एकटी राहते आणि हल्ली तिची तब्येत बरी नसते. वाद मिटेना, तेव्हा एका सहकारी बाईंची इलेक्ट्रिक गाडी दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि आत्याकडेच जाऊन यायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. लोणी काळभोरपर्यंत गर्दी, पुढे रस्ता उत्तम. बाबांनी याच रस्त्यावर तीस वर्षं प्रवासी बस चालवली. इंजिनाचा आवाजच नाही, म्हणून यवतजवळ त्यांनी विचारलं, "चालू आहे ना गाडी?" भिगवणला पोहे-चहा घेतला. एसी आणि शंभरचा वेग, त्यामुळे बॅटरी अंदाजापेक्षा भराभर उतरली. इंदापूरला थांबणं भाग होतं.

तिथे दोन चार्जर. एक बंद, दुसऱ्यावर एक गाडी आणि आमच्या आधी आणखी एक. पुढचे गृहस्थ वारज्याचे. गेल्या वर्षी इथे ते एकटेच असायचे म्हणे. आता त्यांच्या सोसायटीतच अशा अकरा गाड्या झाल्यात. "गाड्या वाढल्या, मशीन तेवढीच," ते म्हणाले.

पावणेदोन तास गेले. पत्र्याच्या शेडमध्ये बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "तुझी आजी गेली, तो निरोप मला याच गावात मिळाला."

बस पुण्याकडे निघालेली, प्रवाशांनी भरलेली, बदली ड्रायव्हर मिळेना. ते पुण्यापर्यंत बस घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरला पोचले. तोवर सगळं उरकलं होतं. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

आत्याकडे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. रात्रभर तिच्याच घरच्या प्लगवर गाडी लावली. रविवारी परतताना चार्जर मोकळा मिळाला, चाळीस मिनिटांत काम झालं. रस्त्यातलं दोन्ही वेळचं चार्जिंग मिळून नऊशे रुपये. पेट्रोलला याच्या दुपटीहून जास्त गेले असते. रोजची धाव शहरातल्या शहरात असेल, तर बिनधास्त इलेक्ट्रिक घ्या.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "हीच घे. रोज तुला जायचंय. मी आपला बसने जाईन."

मी हायब्रिड बुक केली. हप्ता जास्त बसतो आणि रोज पेट्रोल जाळताना मला थोडं वाईट वाटणार, हे माहीत आहे. शोरूममधला मुलगा म्हणाला की हायब्रिडला मागणी फार आहे, चार महिने थांबावं लागेल. बाबा शेजारीच बसले होते. मी सही केली. मग त्यांनी त्या मुलाला विचारलं, "अहो, टाकी भरून देता ना?"