व्यास वीस इंच

आमच्या घरात मला काय जमेल आणि काय जमणार नाही हे ठरवायला दोन इंजिनियर आहेत. एक निवृत्त, तो माझा नवरा. दुसरा नोकरीतला, तो मुलगा. तो हिंजवडीला कामाला आहे म्हणतात, पण मला तो बहुतेक वेळा आमच्या कोथरूडच्या घरात, डायनिंग टेबलापाशीच कामाला असलेला दिसतो. मी स्वतः इंजिनियर नाही. मी प्रुफं तपासते. नारायण पेठेत एका प्रकाशकाच्या कचेरीत खिडकीजवळचं एक टेबल गेली अनेक वर्षं माझं आहे आणि आठवड्यातले काही दिवस मी तिथे जाऊन दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढते. पगार फार नाही. पण त्या टेबलापाशी मला कुणी कोथिंबीर कुठे ठेवलीय हे विचारत नाही.

हे घरातल्या दोघांना कधीच समजलेलं नाही. "पीडीएफ घरी मागव ना, आई," मुलगा म्हणतो. मागवली होती एकदा. घरात बाई वाचत बसली की ती रिकामी बसली आहे असं सगळे धरून चालतात. त्या एका पुस्तकात राहिलेल्या चुका अजून माझ्या डोळ्यांपुढे येतात आणि त्यातल्या निम्म्या कुरिअरवाल्याला दार उघडताना राहिल्या आहेत. तेव्हा नारायण पेठ सुटली तर काम सुटलं, हे मला पक्कं माहीत होतं.

गेल्या वर्षी कर्वे रस्त्यावर खडीवरून माझी स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये असतानाच दोघांनी मिळून स्कूटर विकून टाकली. मला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. ह्यांची स्वतःची स्कूटर आहे. दोन वर्षांपूर्वी हेही सोसायटीच्या फाटकातच आडवे झाले होते, पण ती विकायचा विषय काही निघाला नाही.

हात बरा झाल्यावर मी बसने जाऊन पाहिलं. बसमध्ये चढणं गुडघ्यांना मानवेना आणि रिक्षावाल्यांना नारायण पेठ मानवेना. शेवटी पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली माझी जुनी लेडीज सायकल मी बाहेर काढली. धायरीत एक जण साध्या सायकलींना मोटर बसवून देतो असं कळलं होतं. त्याची घरची शेती होती तिथे आता इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीच्या खाली त्याचं दुकान आहे. त्याने मागच्या चाकात मोटर घातली, दांडीला बॅटरी लावली, सीटखाली कंट्रोलरची डबी बसवली आणि हँडलवर छोटा डिस्प्ले चढवला. कंट्रोलर म्हणजे मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणारा आणि डिस्प्ले म्हणजे त्याला हुकूम सोडायची जागा, एवढं त्याने मला सांगितलं.

"ताई, समदं सेट करून दिलंय," तो म्हणाला. "चाक सव्वीस, लिमिट पंचवीस. आता ह्याच्यात कुणाला बोटं घालू देऊ नका."

"घरात इंजिनियर आहेत," मी म्हणाले.

"म्हणून तर सांगतोय."

बोटं घातली गेली. त्याच रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या सायकलीभोवती सभा भरली. हे, मुलगा आणि आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. अध्यक्षांनी नोकरीत असताना पूल बांधले आहेत, त्यामुळे सोसायटीतला कोणताही खिळा त्यांच्या सल्ल्याशिवाय ठोकला जात नाही. पहिला ठराव एकमताने झाला: पंचवीसचा वेग मला झेपणार नाही, लिमिट पंधरा करायचं. मी तिथेच उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही, आणि चहा आणायला मात्र सांगितलं.

मी चहा घेऊन खाली आले तोवर चर्चा चाकाच्या व्यासावर गेली होती. डिस्प्लेला चाकाचा व्यास सांगावा लागतो. चाक किती वेळा फिरलं हे तो मोजतो आणि त्यावरून वेग आणि अंतर काढतो.

"टायरवर सव्वीस लिहिलंय," मुलगा म्हणाला.

"लिहिलेलं खरं मानायचं असतं तर आपण शिकलो कशाला?" असं म्हणून ह्यांनी टेप आणला.

टेपनेही सव्वीसच भरले. इथे कोणत्याही दुसऱ्या गावात सभा संपली असती. पण अध्यक्ष म्हणाले, "अहो, मोटर फिरवते काय? रिम. टायर म्हणजे चाकाच्या पायातली चप्पल. आपण उंची मोजताना चप्पल काढतो की नाही?" यावर ह्यांनी अशी मान डोलावली की मला गाण्याच्या बैठकीला आल्यासारखं वाटलं. रिम मोजली, ती बावीस भरली. मग ह्यांना आणखी सुचलं की माणूस बसल्यावर टायर चेपतो, त्याचीही वजावट हवी. ती काढण्यासाठी माझं वजन विचारण्यात आलं. मी सांगितलं नाही. तेव्हा अंदाजाने आणि बऱ्याच सढळ हाताने आणखी दोन इंच वजा झाले. टायर नाहीच असं एकदा ठरल्यावर तो चेपणार कसा, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्या हातात ट्रे होता आणि सभेत बोलायला मला अजून परवानगी नव्हती.

असा सव्वीस इंचांचा व्यास वीस इंचांवर आला. मुलाने दोन्ही आकडे भरले आणि मी पुन्हा बदलू नयेत म्हणून सेटिंगला पिन लावला. पिन म्हणून त्याने स्वतःचं जन्मसाल ठेवलं. त्या प्रसंगी मीही हजर होते हे त्याच्या लक्षात राहिलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी मुंगीच्या पावलांनी नारायण पेठ गाठायची तयारी ठेवूनच निघाले. डिस्प्लेवर पंधराचा आकडा आला आणि तिथेच थांबला. पण ओढणी काही पंधरासारखी उडत नव्हती. एरवी सायकलींच्या मागे हॉर्न वाजवत बसणाऱ्या स्कूटरवाल्या बायका आज शेजारून चालल्या होत्या आणि झेड ब्रिजचा चढ तर मी गाणं म्हणत चढले. पुलापलीकडच्या सिग्नलला सगळा उलगडा झाला. चाक होतं सव्वीसचं, फिरत होतं सव्वीसचं, आणि डिस्प्लेला वाटत होतं की ते वीसचं आहे. दर फेऱ्याला मी पुढे जात होते त्यापेक्षा तो कमी धरत होता. तो बिचारा पंधरा म्हणत होता तेव्हा मी वीसच्या जवळपास होते. दोन इंजिनियर आणि एक अध्यक्ष यांनी मिळून मला माझ्या मनाजोगता वेग काढून दिला होता.

मी कुणाला काही बोलले नाही. चुका दाखवणं हा माझा धंदा आहे आणि तो मी कुणी सांगितल्याशिवाय करत नाही. घरी आल्यावर हे विचारायचे, "किती गेली?" मी म्हणायची, "पंधरा." हे खूश व्हायचे. मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

गाडी अडली ती अंतरावर. ह्यांना संध्याकाळी खाली जाऊन डिस्प्लेवरचं अंतर बघायची सवय लागली. स्कूटरवर जाऊन येऊन तेरा किलोमीटर व्हायचे, तेच आता दहा भरू लागले. कुणाही माणसाला शंका आली असती की यंत्र चुकतंय. ह्यांना आली ती माझी.

"तू जातेस कुठून?" ह्यांनी विचारलं.

"कर्वे रस्ता, डेक्कन, झेड ब्रिज. नेहमीसारखी."

"शक्य नाही. मीटर दहा दाखवतोय."

"मग मीटरला विचारा."

हे वर येऊन मोबाइलवर नकाशा उघडून बसले. नकाशाही तेरा म्हणाला. तर नकाशा जुना आहे असं ठरलं. "माझ्या बायकोला असा एक शॉर्टकट सापडलाय की जो गुगललाही माहीत नाही," ही ह्यांची बातमी सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत पोचली. मग रोज कट्ट्यावर चर्चा. कुणी म्हणे एरंडवण्याच्या आतून असणार, कुणी म्हणे नदीकाठाने. अध्यक्ष एक दिवस स्वतः स्कूटर घेऊन शोधायला गेले आणि एका वनवेत उलटे शिरून पोलिसाच्या हाती सापडले. त्या दिवसापासून ते माझ्याकडे दुखावल्यासारखे बघायचे. मला लिफ्टमध्ये हसू दाबणं कठीण होऊन बसलं.

शेवटी एका सकाळी हे हेल्मेट घालून खाली उभेच. "आज मी तुझ्या मागून येतो. बघू कुठून जातेस."

मी नेहमीच्या रस्त्याने निघाले, नेहमीच्याच वेगाने. मागे ह्यांची स्कूटर. कर्वे रस्त्यावर हे दोनदा हॉर्न वाजवून "सावकाश!" ओरडले. मी हँडलकडे बोट केलं. पंधरा. डेक्कन आलं, झेड ब्रिज आला, आणि कुठलाही बोळ न लागता आम्ही नारायण पेठेत कचेरीच्या दाराशी पोचलो.

ह्यांनी हेल्मेट काढलं. "शॉर्टकट कुठाय?"

"नाहीये."

"मग दहा किलोमीटर कसे होतात?"

"चाक वीस इंचांचं कसं झालं?"

हे टायरकडे बघत राहिले. मग माझ्या डिस्प्लेकडे, मग आपल्या स्कूटरच्या मीटरकडे. ओठ हलत होते, म्हणजे गुणाकार चालू होता. तो संपला तसा चेहरा लाल झाला. "माझा काटा सारखा वीसवर होता! म्हणजे इतके दिवस तू वीसने चालवतेयस? आणि मला पंधरा सांगतेस?"

"मी सांगत नव्हते. तुमचं यंत्र सांगत होतं. तुम्ही ठरवलंत, तुम्ही मोजलंत, तुम्ही कुलूप लावलंत. माझं मनगट, माझी सायकल, माझं काम, आणि मला त्यात फक्त चहा करायला ठेवलंत."

आमचे आवाज चढले असावेत. शेजारच्या दुकानदाराने गल्ल्यावरून मान वर न करता सांगितलं, "भांडण चालू द्या, फक्त स्कूटर पायरीवरून घ्या. गिऱ्हाईक अडलंय."

ह्यांनी निमूटपणे स्कूटर बाजूला घेतली. परत आले ते वेगळ्याच आवाजात बोलू लागले.

"तू पडलीस ना, तेव्हा कुणीतरी तुझ्या फोनवरून मला लावला. 'तुमच्या मिसेस पडल्यात, कर्वे रोडला,' एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी परत परत लावत होतो. कुणी उचलत नव्हतं. घरापासून तिथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं, तू आहेस की नाहीस."

ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. माझ्या आठवणीत हे रस्त्यावर आले होते तेच मुळी रागावलेले, सगळ्यात आधी त्यांनी विचारलं होतं की ब्रेक नीट होते का. मी रस्त्याच्या कडेला हात धरून बसले होते आणि मला त्या प्रश्नाचा भयंकर राग आला होता.

"मग हे सांगायचं होतं," मी म्हणाले. "व्यास कशाला मोजत बसलात?"

"व्यास मोजता येतो," हे म्हणाले.

मी सायकलीकडे वळले. दोन बटणं एकदम दाबून धरली, पिन टाकला. ह्यांनी "पिन तुला कुणी सांगितला?" असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी व्यासाच्या जागी सव्वीस घातले. मग लिमिटवर आले. तिथला पंधरा लुकलुकत होता.

"किती ठेवू?" मी विचारलं.

हे वाकून त्या आकड्याकडे बघू लागले. मला वाटलं, आता पुन्हा वजावट निघणार.

"तुला किती लागतो?" ह्यांनी विचारलं.

"वीस. पुलाच्या चढाला."

"वीस ठेव." मग हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाले, "आणि पोचलीस की एक फोन करत जा."

एरवी या वाक्याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. मी करेन म्हणाले. आता टेबलापाशी बसले की पिशवी खाली ठेवायच्या आधी मी फोन लावते. बोलणं फार नसतं. मी "पोचले" म्हणते, हे "बरं" म्हणतात. घरातला कुठलाही फोन उचलायला ह्यांना दहा हाका माराव्या लागतात. हा पहिल्याच रिंगला उचलतात.